आमच्या उताराची वाळू

आमच्या गावाला बीच आहे, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे खो-खो हसले. सोलापूर जिल्हा आणि बीच! नळाला पाणी कधी येणार याची चौकशी एकमेकांकडं करत जगणारं शहर आमचं, इथल्या माणसानं हसू नये तर काय करावं? मला मात्र हसू येत नाही. मला त्या बीचचा राग येतो. तो शांतपणे सांगण्याइतका शहाणपणा माझ्यात अजून आलेला नाही, म्हणून जसा येतो तसाच लिहिते.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याला लागून. सोलापूरहून रेल्वेनं केमला उतरायचं आणि पुढं मिळेल त्या जीपनं, गुडघे पोटाशी घेऊन. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं ते माझ्या जन्माच्या आधी. नवं गाव माळावर बसलं, पण पाण्याच्या कडेनं एक पट्टा वाळूचा राहिला. पश्चिमेला एक मोठा ओढा धरणाला मिळतो, त्याची आणि जुन्या नदीची ही वाळू. पांढरट, खरबरीत, आणि तिच्यात शिंपल्यांचे बारीक-बारीक तुकडे. लहानपणी आम्ही अनवाणी खेळायचो तेव्हा ते तुकडे तळपायाला टोचायचे.

या पट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला आमचं रान आहे आणि रानाच्या खाली पाण्यात उतरणारी वाळूची सपाट जागा होती. तिला घरात सगळे ‘उतार’ म्हणायचे. या उताराला खरं महत्त्व आलं ते माझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातलं तिचं माहेर, मेंढरांवर जगणारं. लग्नात तिला आंदण म्हणून मेंढ्या मिळाल्या. आज आमच्याकडं, म्हणजे परवापर्यंत आमच्याकडं, जो कळप होता तो सगळा त्या आंदणाच्या मेंढ्यांचा वाढलेला. दादा चिडवायचा, “रान माजं, मेंढरं तुजी. भांडण झालं की तू तुजी घिऊन जा.” वहिनी म्हणायची, “जातेच की. मग बसा उसाला मिठी मारून.”

मेंढराला रोज पाणी लागतं आणि पाण्यापर्यंत जायला पक्की जमीन लागते. आमच्या फुगवट्याच्या कडेला बाकी जवळजवळ सगळीकडं गाळ आहे, काळा, वरून वाळल्यासारखा दिसणारा आणि आतून लोण्यासारखा मऊ. त्यात जनावर गेलं की गेलंच. उतारावर मात्र पायाखाली वाळू, आणि ती हळूहळू खोल जाणारी. दिवाळीनंतर लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची तीही इथंच. भावकीतली माणसं कमरेइतक्या पाण्यात समोरासमोर दोन रांगा करून उभी राहायची आणि मेंढरू या हातातून त्या हातात देत, चोळत, पलीकडं सोडायची. बाहेर आलं की ते वाळूवर उभं राहून अंग झाडायचं आणि उन्हात वाळायचं. चिखल लागलेलं मेंढरू कातरणारे हातात धरत नाहीत, कातरीची धार जाते म्हणतात. वहिनी त्याच लोकरीचं सूत कातायची आणि घोंगड्या विणून घ्यायची. मी घरी असले की मलाही रांगेत उभं करायची. शाळेत पोरं मला घाबरतात, पण वहिनी सगळ्यांसमोर ओरडायची, “वन्सं, मेंढरू हाय ते, खडू न्हाय, जरा जोरात धरा!”

आता वाळूबद्दल थोडं सांगावं लागेल. मी भूगोल शिकवते. लाटांचं काम हा धडा दरवर्षी शिकवते. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडं पश्चिमेचा वारा असतो. फुगवट्यावर त्याला अडवायला काही नाही, त्यामुळं चांगल्या हातभर लाटा उठतात आणि काठावर तिरक्या येऊन आदळतात. प्रत्येक लाट थोडी वाळू उचलते आणि थोडी पुढं, पूर्वेला नेऊन टाकते. म्हणजे काठावरची वाळू एका जागी बसलेली दिसली तरी ती बसलेली नसते, ती चालत असते. आमच्या उतारावरची वाळूही पुढं जायचीच, पण तिच्या जागी ओढ्याकडून नवी यायची. पंगतीत वाढपी पुढं सरकत असतो तसं. त्याला कुणी मध्येच धरून ठेवलं, तर शेवटच्या पानावर काही पडत नाही. आमचं पान शेवटचं होतं.

वाढप्याला धरून ठेवलं ते सरपंचानं.

हा गृहस्थ कुठल्याशा अभ्यासदौऱ्यातून समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आला. अभ्यास काय केला ते देवाला ठाऊक, पण मोबाईलमध्ये एक व्हिडिओ घेऊन आला. समुद्राच्या पाण्याखाली दगडांची भिंत घालतात, तिला कृत्रिम रीफ म्हणतात, लाट तिथंच मोडते आणि मागं वाळू साचते. झालं. हिवाळ्यात फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, ती गावाच्या बाजूला थांबत नाहीत, कारण तिथली वाळू टिकत नाही, हे त्याचं जुनं दुखणं होतं. ग्रामसभेत त्यानं तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला आणि जाहीर केलं, “आपून हितं रीफ घालायचा. जिल्ह्यातला पयला बीच आपल्या गावात!”

सुट्टी होती, मी घरीच होते, म्हणून गेले आणि उभी राहिले. मी म्हटलं, “वाळू साचेल, हे खरं आहे. पण ती आकाशातून पडणार नाही. पुढं उताराकडं जाणारीच वाळू तिथं अडणार. तुमच्या मागं ढीग होईल आणि आमच्याकडं गाळ उघडा पडेल.”

सरपंच हसला. “मॅडम, तुमी पोरास्नी समुद्र फळ्यावर काढून दावता. मी त्यात पाय बुडवून आलोय.”

सभा हसली. त्याचं मला काही वाटलं नाही, सभा हसतेच. पण माझ्या शेजारी बसलेला माझा सख्खा थोरला भाऊ हसला, मांडीवर थाप मारून हसला, ते मला लागलं. आजही ती थाप ऐकू येते तेव्हा डोकं तापतं.

घरी येऊन मी दादाशी भांडले. तो म्हणाला, “तुला काय पडलंय गं? तू ऱ्हातीस सोलापुरात. तुज्या वहिनीला तितं घोंगड्याचा स्टॉल देनार हायती, सरपंचानं सबूद दिलाय.” वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती थांबली आणि मला म्हणाली, “वन्सं, पुण्याची लोकं खरंच घोंगडी घेत्यात व्हय?” तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की पुढचं भांडण मला गिळावं लागलं.

मे महिन्यात पाणी खाली गेलं तेव्हा रीफ बांधला. समुद्रात म्हणे त्यासाठी बोटी लागतात, पाणबुडे लागतात. आमच्याकडं ट्रॅक्टर लागला. कोरड्या पडलेल्या तळावर, रस्त्याच्या कामातून उरलेल्या तडकलेल्या सिमेंटच्या नळ्या आडव्या रचल्या आणि नारळ फोडला. नारळ फोडायचा मान दादाला दिला, कारण आमचं रान जवळ होतं आणि त्याला गप्प ठेवायचं होतं. दादानं फेटा बांधला होता. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला, मी उत्तर दिलं नाही.

पावसाळ्यात पाणी चढलं, नळ्या बुडाल्या, पश्चिमेचा वारा सुटला, आणि सरपंचाचा रीफ चालला की! खोटं का बोलू? लाटा नळ्यांवर मोडायला लागल्या, मागचं पाणी गप्प झालं आणि वाळू तिथं थबकायला लागली. दिवाळीपर्यंत गावाच्या बाजूला वाळूची मोठी जीभ पाण्यात पुढं आली होती. छत्र्या लागल्या, कणसाचा गाडा आला, सजवलेला एक घोडा आला. स्टॉल सरपंचाच्या मेव्हण्याला मिळाला, त्यात घोंगडी नव्हती, प्लॅस्टिकचे चेंडू होते. आणि एक पाटी लागली, ‘बीचवर जनावरे आणण्यास सक्त मनाई आहे.’ घोडा बहुधा जनावरात धरत नसावेत.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमचा उतार ओळखू येईना. नवी वाळू यायची बंद झाली होती, पण जुनी घेऊन जायचं काम लाटांनी काही थांबवलं नव्हतं. वर वाळूचा पातळ थर, मध्येमध्ये काळा गाळ उघडा, खरवडलेल्या पातेल्यासारखा. मी फोनवर दरवेळी विचारायची आणि दादा दरवेळी म्हणायचा, “औंदा पाणी जास्त चढलं हुतं, म्हणून तसं दिसतंय.” मी म्हणायची, “दादा, तो नळ्यांचा प्रताप आहे.” तो म्हणायचा, “झालं तुजं सुरू.” नारळ त्यानं फोडला होता ना! आपण फोडलेल्या नारळाविरुद्ध बोलायला माणसाची जीभ रेटत नाही, हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग कमी होत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मेंढरं धुवायचा दिवस ठरला. सकाळी भावकी जमली. कळपाच्या पुढं वहिनीची एक शेळी असायची, गळ्यात घंटा बांधलेली. तिला आम्ही पुढारीण म्हणायचो. ती करडू असल्यापासून त्याच वाटेनं पाण्यात जात आली होती, आणि तिच्यामागं मेंढरं. मेंढरू स्वतः बघत नाही, पुढच्याचं शेपूट बघतं. माणसं रांगा करायला पाण्यात उतरायच्या आतच पुढारीण नेहमीसारखी मान वर करून निघाली. काठाजवळ वाळू होती. पाण्याखाली नव्हती. जिथं हळूहळू खोल व्हायचं तिथं आता पायरीसारखा तुटका काठ होता आणि खाली नुसता गाळ. ती पोटापर्यंत रुतली. मागचं मेंढरू तिच्यावर चढलं, त्याच्यावर त्याच्या मागचं. ओरडून, काठ्या आपटूनही कळप थांबेना.

वहिनीनं हातातलं सगळं टाकलं आणि आत उडी घेतली. घंटेच्या दोरीला धरून ती पुढारणीला ओढायला गेली आणि स्वतःच कमरेपर्यंत गाळात बसली. ती धडपडली तशी आणखी खाली गेली. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. दादा वेड्यासारखा तिच्याकडं धावणार, तेवढ्यात चुलत्यांनी त्याला मागं ओढलं, आणि कोकरं कोंडायची वाघर, म्हणजे दोऱ्यांची मोठी जाळी, आणून गाळावर अंथरली. दादा जाळीवर पालथा पडून सरपटत गेला आणि वहिनीच्या काखेत हात घातले. आम्ही सगळ्यांनी मागून जाळी ओढली. वहिनी निघाली. बरीचशी मेंढरंही निघाली. पुढारीण आणि तिच्यामागच्या पहिल्या काही गाभण मेंढ्या निघाल्या नाहीत. वहिनीच्या मुठीत घंटेसकट तुटलेली दोरी तेवढी राहिली होती, ती तिनं संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

सरपंच आला. मोटारसायकलवर बसूनच बोलला, “अरे, काट बदललाय हे दिसत न्हाय का? मेंढराला कळत न्हाय, मानसाला तरी कळाय पायजे की.”

मी त्याच्या अंगावर गेले. काय-काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द मी मागं घेत नाही. अर्ध्या मैलावर आमची वाळू ढीग होऊन पडलीय, तिच्यावर लोक घोड्यावर बसून फोटो काढताहेत, आणि आमची मेंढरं तिच्या अभावी मरताहेत, आणि हा माणूस आम्हाला डोळे उघडायला सांगतो! दादा मात्र चिखलानं भरलेला, खाली बघत उभा होता. मला त्या क्षणी सरपंचापेक्षा त्याचाच जास्त राग आला.

बोलली ती वहिनी. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. म्हणाली, “मला स्टॉल नको, पैका नको. त्या नळ्या तेवढ्या काढा. माज्या मेंढरांना पानी प्यायला जागा न्हाय.” सभेत कुणी हसलं नाही. सरपंचानंही वाऱ्याची दिशा ओळखली. “पानी खाली जाऊ द्या, वहिनी. काढतो. माजा सबूद.”

मी वहिनीला समजावून सांगितलं होतं, की नळ्या निघाल्या तर अडलेली वाळू पुन्हा चालायला लागेल. एक-दोन पावसाळे जातील, पण उतार परत भरेल. तोवर ती कळपाला ओढ्याच्या वरच्या डोहावर लांबच्या लांब हाकत नेऊन पाणी पाजत होती. रोज. तिच्या टाचा फुटल्या होत्या. “यील की वाळू, वन्सं म्हणाल्यात,” असं ती भावकीत सगळ्यांना सांगायची.

मे महिन्यात मी सोलापुरात पेपर तपासत होते. दादाचा फोन आला, आवाजात उत्साह. “नळ्या काढल्या बघ! सरपंचानं सबूद पाळला.” मला इतका आनंद झाला, की मी शेजारणीला जाऊन सांगितलं.

सुट्टी लागल्यावर गावी गेले आणि आधी काठावर गेले. नळ्या नव्हत्या. खरंच नव्हत्या. आणि वाळूही नव्हती. जिथं ती मोठी जीभ होती तिथं ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल माग होते आणि खाली मुरूम. दोन वर्षं लाटांनी कण-कण आणून एका जागी रचलेली सगळ्या काठाची वाळू, भरायला किती सोपी! ट्रॉल्या दिवसाढवळ्या येऊन घेऊन गेल्या. बीचच्या वर सरपंचाच्या मेव्हण्याच्या खोल्यांचं बांधकाम चाललं होतं, पर्यटकांना पाणी दिसेल अशा. मी दादाला विचारलं, “तू हे बघत होतास?” तो म्हणाला, “नळ्या काढायच्या तर वरची वाळू बाजूला करायलाच लागनार की.” बाजूला!

“आनि हे बघ,” तो म्हणाला, “आपल्यालाबी दिलंय.” आमच्या रानाच्या कडेला एक हौद बांधला होता. मेंढरं धुवायचा आणि पाणी पाजायचा, सिमेंटचा, चकचकीत, उतरायला पायऱ्या, वर संगमरवरी पाटी आणि पाटीवर सरपंचाचं नाव. भरपाई म्हणून.

उद्‍घाटनाला टँकरनं पाणी आणून ओतलं. मंडप होता, माईक होता. मेंढरं आणली. एकही मेंढरू पायरी उतरेना. त्यांना पुढं नेणारी पुढारीण नव्हती. वहिनी स्वतः हौदात उतरली, एका मेंढीला ओढू लागली, आणि मध्येच थांबली. तिनं भिंतीच्या खरबरीत गिलाव्यावरून बोट फिरवलं. मी काठावर होते. मलाही दिसलं. सिमेंटमध्ये पांढरे-पांढरे शिंपल्यांचे तुकडे चमकत होते.

“वन्सं,” ती म्हणाली, “ही आपल्या उताराची वाळू की.”

त्याच वेळी मंडपात सरपंचानं दादाच्या हातात माईक दिला. आणि माझ्या भावानं, फेटा बांधलेल्या, गाळावर पालथं पडून बायकोला ओढून काढलेल्या माझ्या भावानं, घसा खाकरून गावाचे आणि सरपंचांचे आभार मानले. टाळ्या पडल्या. वहिनी हौदातून बाहेर आली, पदर पिळला आणि मेंढरं घेऊन घराकडं निघाली. टँकरचं पाणी संपल्यावर हौदात पुन्हा कुणी पाणी घातलं नाही.

आषाढात वहिनीचा भाऊ आला आणि कळप घेऊन दक्षिणेकडं गेला. आंदण म्हणून जे आलं होतं ते सगळं परत माहेरी गेलं. दादा म्हणत होता, “हौद हाय की आता.” ती मेंढरं मोजून भावाच्या स्वाधीन करत राहिली. पुढारणीची घंटा तेवढी तिनं ठेवून घेतली, ती दाराच्या खिळ्याला टांगलेली आहे.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलला. मग विचारलं, “आगं, तो हौद फोडून पान्यात टाकला, तर हुईल का वाळू परत?”

इतकी वर्षं मी सांगत होते तेव्हा त्यानं हा एक प्रश्न मला विचारला नव्हता. राग इतका आला की फोन आपटावा वाटलं. “नाही रे दादा,” मी म्हटलं. “एकदा सिमेंटात गेलेली वाळू चालत नाही.”

तो हसला नाही.